तलावातला झोत मंदावला तर अडथळा पंपाच्या कोणत्या बाजूला शोधावा?

एप्रिल उजाडला की पुण्यातल्या बंगल्यांमधले छोटे जलतरण तलाव पुन्हा रोजच्या वापरात येतात आणि त्याच सुमारास एक तक्रार ठिकठिकाणी ऐकू येते. भिंतीतल्या ज्या तोट्यांमधून फिल्टर झालेले पाणी हाताला जाणवेल इतक्या जोराने परत येत असे, त्यांच्यातून आता ते नुसते झिरपल्यासारखे येते. चार-सहा दिवसांत पाण्याची चमक जाते, तळाची फरशी धूसर दिसू लागते आणि झोत जिथे पोहोचत नाही त्या कोपऱ्यांत पायाला बुळबुळीत लागते. घरमालक क्लोरीनची मात्रा वाढवतात, त्याने दोन दिवस बरे वाटते, आणि मग कोणीतरी सांगतो, "काका, मोटर लहान पडतेय, दीड एचपीची बसवू या."

हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो. जो तलाव गेल्या वर्षी याच मोटरवर व्यवस्थित चालत होता तो या वर्षी चालत नसेल, तर मोटर लहान झालेली नसते. पाण्याच्या वाटेत कुठेतरी काहीतरी अडलेले असते, कुठून तरी हवा शिरत असते किंवा पाणी भलत्याच वाटेने निघून जात असते. हे नेमके कुठे घडते आहे ते शोधण्यासाठी सगळी पाइपलाइन उकरावी लागत नाही. पंपाच्या अलीकडे की पलीकडे, या एकाच प्रश्नाचे उत्तर आधी मिळवले तर निम्मे काम होते, आणि ते उत्तर फिल्टरवर बसवलेल्या प्रेशर गेजवर लिहिलेले असते.

पाण्याची वाट

तलावाच्या काठाशी पृष्ठभागावरचे पाणी ओढून घेणारी एक चौकोनी खिडकी असते. तिला स्किमर म्हणतात. तळाच्या सर्वांत खोल भागात जाळी लावलेला मेन ड्रेन असतो. या दोन्हींकडून येणारे नळ पंपघरात एकत्र येतात आणि पंपाच्या तोंडाशी बसवलेल्या, पारदर्शक झाकणाच्या गाळणीत उतरतात. इथपर्यंतचा भाग म्हणजे सक्शनची बाजू. गाळणीतून पाणी पंपाच्या फिरत्या चक्रात, म्हणजे इंपेलरमध्ये शिरते आणि तिथून दाबाने बाहेर फेकले जाते. मग ते मल्टिपोर्ट व्हॉल्व्हमधून, म्हणजे दांडा फिरवून पाण्याची वाट बदलणाऱ्या झडपेतून, वाळूच्या फिल्टरच्या टाकीत वरून खाली झिरपते आणि रिटर्नच्या नळांनी पुन्हा तलावात येते. ही दाबाची बाजू.

किती पाणी फिरायला हवे याचा हिशेब अवघड नाही. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल तलावात ४० घनमीटर, म्हणजे ४०,००० लिटर पाणी मावते. घरगुती तलावातले सगळे पाणी साधारण ६ ते ८ तासांत एकदा फिल्टरमधून जावे असे धरतात. ६ तास धरले तर ताशी सुमारे ६,७०० लिटर, म्हणजे मिनिटाला ११० लिटरांच्या आसपास प्रवाह लागतो. हा आकडा निम्म्यावर आला तर तेच पाणी फिरायला १२ तास लागतात, आणि पंप रोज ६ तासच चालत असेल तर अर्ध्या तलावाइतकेच पाणी त्या दिवशी फिल्टरमधून जाते. म्हणूनच प्रवाह मंदावल्यावर क्लोरीन वाढवून फारसा उपयोग होत नाही; औषध आहे, पण ते पोहोचत नाही.

गेज काय सांगते

फिल्टरच्या डोक्यावर किंवा मल्टिपोर्ट व्हॉल्व्हच्या बाजूला घड्याळासारखे जे गेज असते, ते प्रवाह मोजत नाही. पंपाने ढकललेल्या पाण्याला पुढे किती विरोध होतो आहे, ते त्यावर दिसते. हा फरक ध्यानात घेतला की बाकीचे आपोआप उलगडते. पुढे, म्हणजे वाळूत किंवा रिटर्नच्या नळांत अडथळा आला तर पाणी कोंडते आणि काटा वर चढतो. मागे, म्हणजे सक्शनच्या बाजूला अडथळा आला तर पंपाकडे पाणीच कमी येते, त्यामुळे पुढे ढकलायलाही कमी उरते आणि काटा खाली येतो. तोट्यांतला झोत दोन्ही वेळा मंदावलेलाच असतो. कारण मात्र एकमेकांच्या उलट असते.

यासाठी आपल्या तलावाचा निरोगी आकडा माहीत असायला हवा. बॅकवॉश, म्हणजे वाळूतून उलट्या दिशेने पाणी सोडून मळ बाहेर धुणे, नुकताच केलेला आहे, गाळण्या रिकाम्या आहेत, पाण्याची पातळी योग्य आहे, अशा वेळी पंप सुरू करून पाच मिनिटांनी काटा कुठे स्थिरावतो ते पाहावे आणि गेजच्या काचेवर ऑइल पेंटने तिथे बारीक रेघ मारून ठेवावी. घरगुती फिल्टरवर हा आकडा बहुधा अर्धा ते एक बार, म्हणजे ७ ते १५ पीएसआय असतो. पण शेजारच्या बंगल्यातला आकडा आपल्या कामाचा नाही, कारण तो नळांची लांबी, वळणे आणि फिल्टरचा आकार यांवर ठरतो. एक गोष्ट आधी तपासावी: पंप बंद केल्यावर काटा शून्याजवळ परत येतो का? येत नसेल तर गेजच अडकलेले आहे, आणि काही शे रुपयांचे नवे गेज बसवण्याआधी केलेले कोणतेही निदान भरवशाचे नाही.

काटा रेघेच्या खाली असेल तर

पहिली नजर पाण्याच्या पातळीवर टाकावी. ती स्किमरच्या खिडकीच्या मध्यावर किंवा थोडी वर असावी लागते. पुण्याच्या कोरड्या एप्रिल-मे महिन्यांत रोज ५ ते ८ मिलिमीटर पाणी नुसत्या बाष्पीभवनाने उडू शकते. वरच्या ३२ चौरस मीटरच्या तलावात ६ मिलिमीटर म्हणजे दिवसाला सुमारे १९० लिटर. आठवडाभर पाणी घातले नाही तर पातळी चार-पाच सेंटिमीटर उतरते, स्किमरच्या तोंडाशी भोवरा पडतो आणि पंप पाण्याबरोबर हवाही ओढू लागतो. पाणी उडते आहे की गळते आहे याची शंका असेल तर बादलीची कसोटी घ्यावी. तलावाच्या पायरीवर बादली ठेवून तिच्यात तलावाच्या पातळीइतकेच पाणी भरावे आणि २४ तासांनी दोन्ही पातळ्या पाहाव्यात. उन्हाने दोन्हींतले पाणी सारखेच उतरते. तलावातले जास्त उतरले असेल तर गळती आहे. पंप चालू असताना ती वाढत असेल तर दाबाच्या बाजूला, आणि पंप बंद असताना वाढत असेल तर सक्शनच्या बाजूला शोध घ्यावा.

पातळी ठीक असेल तर गाळण्या पाहाव्यात, एक स्किमरमधली आणि दुसरी पंपाच्या तोंडाची. झाकण उघडण्यापूर्वी पंपाचा एमसीबी बंद करावा आणि पंप तलावाच्या पातळीच्या खाली असेल तर दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्हही बंद करावेत. पुण्यातल्या बागांचा या गाळण्यांशी जवळचा संबंध आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंबाची पाने झडतात, एप्रिलपासून गुलमोहराच्या पाकळ्या पडू लागतात. मोठे पान गाळणीत अडकते आणि दिसते. गुलमोहराची तांदळाच्या दाण्याएवढी पर्णिका मात्र गाळणीच्या भोकांतून सहज आत जाते आणि इंपेलरच्या पात्यांमधल्या अरुंद फटींत, केसांच्या गुंत्याबरोबर घट्ट बसते. गाळणी स्वच्छ आहे, झाकणाखाली पाणी काठोकाठ भरलेले आहे, एकही बुडबुडा नाही, आणि तरीही काटा खाली आहे, असे चित्र असेल तर संशय थेट इंपेलरवर घ्यावा. वीज पूर्ण बंद करून गाळणीची टोपली काढावी आणि मागच्या भोकातून वाकवलेल्या तारेने तो गुंता ओढून काढावा. अनेक पंपांत मोटर वेगळी न करताही हे जमते.

सक्शनच्या नळावर, पंपाच्या तोंडापाशी, एक व्हॅक्यूम गेज बसवून घेतले तर हा गोंधळ कायमचा मिटतो. दाब कमी आणि ओढ नेहमीपेक्षा जास्त असेल तर अडथळा पंपाच्या मागे आहे: स्किमरची टोपली, अर्धवट बंद राहिलेला व्हॉल्व्ह, नळात अडकलेली चिंधी. दाब कमी आणि ओढही कमी असेल तर पंपच नीट ओढत नाही: इंपेलर भरलेला आहे, कुठून तरी हवा शिरते आहे किंवा मोटर उलटी फिरते आहे.

उलट्या मोटरची गोष्ट मी मामांच्या बावधनच्या बंगल्यात पाहिली. तिथला पंप थ्री-फेजवर चालतो. रस्त्यावरच्या वीजकेबलचे काम झाले आणि दुसऱ्या दिवसापासून तलावाचा झोत एकदम निम्म्यावर आला. आम्ही दोन दिवस गाळण्या, व्हॉल्व्ह आणि स्किमरचा नळ तपासत राहिलो. कुठेही काही सापडले नाही. शेवटी मोटरच्या पाठीमागचा पंखा थांबताना पाहिला, तेव्हा तो अंगावरच्या बाणाच्या विरुद्ध दिशेने फिरत होता. जोडणीत दोन फेजची अदलाबदल झाली होती. सेंट्रिफ्यूगल पंप उलटा फिरला तरी पाणी त्याच दिशेने ढकलतो, फक्त फारच कमी ढकलतो, आणि म्हणूनच हा दोष लवकर ओळखू येत नाही. इलेक्ट्रिशियनने दोन वायरी बदलल्यावर पाच मिनिटांत झोत पूर्ववत झाला. ज्या पंपांत इंपेलर दांड्यावर आट्यांनी बसवलेला असतो, तिथे उलट्या फिरण्याने तो सैलही होऊ शकतो. त्यामुळे वीजपुरवठ्याचे कोणतेही काम झाल्यावर बाणाची दिशा पाहून घेणे आवश्यक आहे.

हवेबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण घरगुती तलावांत सर्वांत जास्त वेळ याच दोषामागे जातो. गाळणीच्या पारदर्शक झाकणाखाली हवेचा मोठा फुगा फिरताना दिसणे आणि रिटर्नच्या तोट्यांतून बुडबुडे येणे, ही त्याची खूण आहे. सक्शनच्या बाजूला पंप चालू असताना नळातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, त्यामुळे तिथे भेग असली तरी पाणी बाहेर येत नाही, उलट हवा आत ओढली जाते; जागा कोरडी दिसते आणि आपण फसतो. पंप तलावाच्या पातळीच्या खाली असेल तर तो बंद केल्यावर हीच जागा ठिबकू लागते. तसे नसेल तर पंप चालू ठेवून प्रत्येक जोडावर शेव्हिंग फोम लावावा. जिथे तो आत खेचला जाऊन खड्डा पडतो, तिथे भेग. वारा नसलेल्या बंद पंपघरात उदबत्तीचा धूरही तेच दाखवतो. दोषी बहुधा झाकणाची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडे, निघते. ती पुसून, भेगा नाहीत हे पाहून, सिलिकॉन ग्रीस लावून बसवावी. पेट्रोलियम जेली लावू नये, कारण तिने ओ-रिंगचे रबर फुगून खराब होऊ शकते. ओ-रिंगनंतर पंपाच्या तोंडाचा आट्यांचा जोड तपासावा. पंप कधी पाण्याविना चालला असेल तर उष्णतेने तिथले प्लास्टिक आक्रसलेले असते आणि कितीही टेफ्लॉन टेप गुंडाळली तरी हवा थांबत नाही. तो तुकडाच बदलावा लागतो.

पंप काठापेक्षा वर बसवलेला असेल तर पुण्याची उंचीही हिशेबात धरावी. पंप पाणी "ओढतो" असे आपण म्हणतो, पण खरे तर तलावाच्या पृष्ठभागावरचा हवेचा दाब ते नळात वर ढकलत असतो. समुद्रसपाटीला हा दाब सुमारे १०.३ मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका असतो. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे इथे तो सुमारे ९.७ मीटर भरतो. कागदावरची ही कमाल मर्यादा झाली, प्रत्यक्षात नळांचे घर्षण, वळणे आणि पाण्याची उष्णता यांमुळे फार कमी हाती उरते. मुंबईत कसाबसा चालणारा उंचावरचा पंप इथे प्रायमिंग सोडतो, म्हणजे त्याच्यातले पाणी सुटून हवा भरते, तेव्हा हे साठ-एक सेंटिमीटरच त्याला कमी पडलेले असू शकतात. पंपातून खडी फिरल्यासारखा आवाज येत असेल तर तो पोकळ बुडबुडे बनून फुटण्याचा, म्हणजे कॅव्हिटेशनचा असण्याची शक्यता मोठी आहे, आणि तो ऐकूनही पंप चालू ठेवल्यास इंपेलर झिजतो.

काटा रेघेच्या वर असेल तर

इथे निदान सोपे आणि उपाय परिचित आहे. निरोगी आकड्यापेक्षा दाब ८ ते १० पीएसआयने, म्हणजे सुमारे अर्ध्या ते पाऊण बारने वाढला की वाळू मळाने भरली असे समजून बॅकवॉश करावा. त्याआधी बॅकवॉश करू नये; वाळूत थोडा मळ साठलेला असताना ती बारीक कण जास्त चांगले अडवते, आणि ताशी ७,००० लिटरांच्या पंपाने तीन मिनिटे बॅकवॉश केला तर सुमारे ३५० लिटर पाणी गटारात जाते. टँकरच्या दिवसांत हे पाणी थोडके नाही. मल्टिपोर्टचा दांडा फिरवताना पंप पूर्ण थांबलेला असला पाहिजे. चालू पंपावर दांडा फिरवल्याने आतले चाकाच्या आऱ्यांसारखे रबर फाटते आणि मग "फिल्टर" या जागेवरही थोडे पाणी बॅकवॉशच्या नळाने बाहेर जात राहते. झोत थोडा कमी, पातळी रोज थोडी कमी आणि कुठेही ओल दिसत नाही, असे असेल तर बॅकवॉशच्या नळाचे तोंड पाहावे.

बॅकवॉश करूनही काटा उतरत नसेल तर पंप थांबवून दांडा "रिसर्क्युलेट"वर आणावा. या स्थितीत पाणी वाळूला वगळून थेट तलावात जाते. आता दाब उतरून झोत पूर्ववत झाला तर दोष वाळूत आहे. दाब तसाच राहिला तर रिटर्नच्या नळात आहे. रिटर्नमध्ये बघण्यासारखे फारसे नसते: कोणीतरी बंद केलेला व्हॉल्व्ह, अडकलेली एनआरव्हीची, म्हणजे पाणी उलटे येऊ न देणारी, झडप, सोलर हीटरकडे वळवलेले पाणी. बॉल व्हॉल्व्हचा दांडा आतून तुटलेला असू शकतो; बाहेरून तो उघडा दिसतो आणि आतला गोळा जागचा हललेलाच नसतो.

वाळूतला दोष मात्र पुण्यात विशेष लक्ष देण्यासारखा आहे. खडकवासल्याहून येणारे महापालिकेचे पाणी मऊ आहे. बेसॉल्टमधून उपसलेल्या बोअरच्या पाण्यात, आणि म्हणून बऱ्याच टँकरच्या पाण्यात, क्षार कितीतरी जास्त असतात. वाघोली, उंड्री, बावधन अशा भागांत तलाव भरायला आणि उन्हाळ्यात भर घालायला हेच पाणी वापरले जाते. पाणी उडते, क्षार मागे राहतात, वर पुन्हा क्षारांचे पाणी येते. त्यात दाणेदार कॅल्शियम हायपोक्लोराइट वापरत असाल तर कॅल्शियमची आणखी भर पडते. पीएच ७.८च्या वर गेला की हे कॅल्शियम वाळूच्या दाण्यांवर बसू लागते, दाणे एकमेकांना चिकटतात आणि वाळूचे ढेकूळ बनते. मग दोनपैकी एक घडते. एक तर पाणी कोंडते आणि दाब वाढतो. नाही तर पाणी ढेकळांमधल्या फटी शोधून तिथूनच वाहते, दाब अगदी नेहमीसारखा दिसतो आणि पाणी मात्र गढूळच राहते. दुसरा प्रकार गेजवर दिसत नाही, म्हणून तो जास्त फसवा आहे. वर्षातून एकदा टाकीचे झाकण उघडून हाताने वाळू वर-खाली करून पाहावी. ती ओल्या साखरेसारखी सुटी लागायला हवी, पेंडीसारखी नव्हे. अशी वाळू बदलायची तर फिल्टरसाठी चाळलेली सिलिका वाळू, साधारण ०.४ ते ०.८ मिलिमीटर दाण्याची, उत्पादकाने सांगितलेल्या वजनाइतकीच भरावी. बांधकामाची वाळू चालत नाही. भरताना तळाच्या फांद्यांसारख्या नळ्या जपाव्यात. त्यांतली एक जरी मोडली तरी रिटर्नच्या तोट्यांखाली तलावात वाळूचे ढीग दिसू लागतात.

ज्या तलावांत पाणी काठावरून सांडून बॅलन्सिंग टाकीत जाते, तिथे स्किमर नसतो, म्हणून वरचा सगळा विचार त्या टाकीच्या पातळीला लावावा. सांडव्याची जाळी पानांनी बुजली की टाकीत पाणी पोहोचत नाही, टाकी रिकामी होते आणि पंप हवा ओढतो. पावसाळ्यात उलट घडते. टाकी भरून वाहते आणि गाळ आत येतो.

मोठ्या मोटरचा प्रश्न

प्रवाह खरोखर किती आहे हे न मोजता मोटर बदलण्याचा निर्णय घेऊ नये, आणि मोजायला महागडे उपकरण लागत नाही. बॅकवॉशच्या नळाच्या तोंडाशी २०० लिटरचे पिंप ठेवावे, दांडा "वेस्ट"वर आणून पंप सुरू करावा आणि पिंप किती सेकंदांत भरते ते पाहावे. ७२ सेकंदांत भरले तर ताशी १०,००० लिटर, १०८ सेकंदांत भरले तर ताशी सुमारे ६,७००. "वेस्ट"वर पाणी वाळूतून जात नसल्यामुळे हा आकडा प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त येतो. पण दर वर्षी याच पद्धतीने मोजला तर घसरण स्पष्ट दिसते.

आता समजा, मोजमाप करूनही मोठी मोटर बसवली. नळातले घर्षण प्रवाहाच्या जवळजवळ वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे त्याच नळातून दुप्पट पाणी न्यायचे तर सुमारे चौपट दाब लागतो. ५० मिलिमीटरच्या नळातून ताशी ६,७०० लिटर जाताना पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे १.२ मीटर असतो, तो दुप्पट केला तर २.३ मीटरच्या वर जातो, आणि सक्शनच्या नळात तो दीड मीटरच्या आत ठेवावा असा संकेत आहे. विजेचे बिल वाढते, वाळू टाकीत ढवळली जाते आणि झोत अपेक्षेइतका वाढत नाही. हेच पैसे नळाचा व्यास वाढवायला लावले तर फरक कितीतरी मोठा पडतो, कारण तोच प्रवाह ५०ऐवजी ६३ मिलिमीटरच्या नळातून नेला तर घर्षण जवळपास एक तृतीयांशावर येते.

तळाच्या जाळीबद्दल

मोटर वाढवण्याला माझा विरोध आहे त्याचे सर्वांत मोठे कारण तळाच्या ड्रेनमध्ये आहे. स्किमर बुजला किंवा त्याचा व्हॉल्व्ह कोणी बंद केला की पंपाची सगळी ओढ मेन ड्रेनच्या जाळीवर एकवटते. ड्रेन एकच असेल, जाळी सपाट किंवा तुटलेली असेल, आणि तिच्यावर लहान मुलाची पाठ किंवा केस अडकले, तर ती ओढ माणसाच्या हाताने सोडवता येत नाही. अमेरिकेत २००२ साली व्हर्जिनिया ग्रॅम बेकर ही सात वर्षांची मुलगी अशाच ओढीने स्पाच्या तळाशी अडकून दगावली, आणि २००७ साली तिच्या नावाने तिथे कायदा झाला, त्यात अडकण्यापासून वाचवणाऱ्या झाकणांची सक्ती आहे. प्रवाहाचा दोष शोधताना स्किमर बंद करून "ड्रेनवरून किती ओढते ते पाहू" असा प्रयोग केला जातो. तो करताना तलावात कोणीही असता कामा नये. एकमेकांपासून निदान एक मीटर अंतरावर दोन ड्रेन, दोन्ही एकाच नळाला जोडलेले, दोन्हींवर घट्ट स्क्रूने बसवलेली फुगीर जाळी, आणि पंपाच्या वीजजोडणीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, एवढे आपल्या तलावात आहे की नाही, हे पंपघरातले काम सुरू करण्याआधी तपासावे; आणि जाळी तुटलेली आढळली तर नवी बसेपर्यंत तलाव पोहण्यासाठी बंद ठेवावा.